चंदगडपर्यंतची किल्ली

कांबळे सर माझ्या एसटीडी बूथमध्ये शिरले की आधी बाहेरच्या रांगेला उद्देशून मोठ्यानं सांगायचे, "पावणं, ऐकायचं असंल तर खुशाल ऐका. कुणाला काय कळणार न्हाय!" मग काचेचं दार लावून चंदगडला फोन लावायचे, खिशातनं कागद काढायचे आणि खणखणीत आवाजात सुरू व्हायचे, "सात. दोन. नऊ. नऊ. शून्य..."

बराच वेळ नुसते आकडे. शेवटी "ठेवतो," म्हणून फोन खाली.

पलीकडं त्यांच्या बायको असायच्या, रत्नावहिनी. त्या चंदगडला शाळेत शिक्षिका आणि सर इथं कॉलेजात फिजिक्सला. बदलीचे अर्ज करून दोघंही थकले होते. निम्मा संसार एसटीतच झाला म्हणा ना. राजारामपुरीत माझ्या बूथच्या वरच्याच मजल्यावर सर एकटे राहायचे.

आकड्यांचं खूळ निघालं ते मूळव्याधीवरून. वहिनींकडं फोन नव्हता. त्या शाळेशेजारच्या किराणा दुकानात येऊन बोलायच्या. एकदा त्या साखर घ्यायला गेल्या तर दुकानदारानं भर गर्दीत विचारलं, "सरांची मूळव्याध कशी हाय आता?" वहिनींनी तर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे तो दुकानदार मागच्या खोलीत दुसरा फोन जोडून सगळं ऐकत होता.

सर आठवडाभर पेटलेले होते. त्यातच कुठल्याशा विज्ञान मासिकात त्यांना निरोप गुप्त ठेवणारी क्वांटम किल्ली सापडली. ते मासिक नाचवतच ते बूथवर आले.

"पाटील, उजेडाचा एकेक कण पाठवायचा. त्या कणांतनं दोघांकडं सारखीच किल्ली तयार होती. मधी कुणी कण बघितला की तो बिघडतोय. बिघडला की आपल्याला कळतंय, चोर हाय! मग ती किल्ली टाकायची, दुसरी घ्यायची."

"मग घ्या की एक यंत्र."

"लांब जात न्हाय न्हवं! काचेच्या तारेत कण वाटेतच मरत्यात. मधी थांबवून ताजा करावा म्हटलं, तर बघावं लागतंय. आणि बघितलं की बिघडला."

तेव्हापासून जगातलं हे संशोधन सर एसटीच्या रूटवर मोजायला लागले. युरोपात प्रयोग झाला की जिन्यातनंच ओरडायचे, "पाटील, कागलपर्यंत आलं!" पुढं एकदा, "निपाणी गाठली! कर्नाटकात शिरलं की!" गडहिंग्लजला पोचलं त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला. "आता चंदगडच ऱ्हायलं."

तोवर पर्याय म्हणून कणांच्या जागी सर स्वतःच जायचे. स्टीलच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या हलवून किल्ली काढायची, तिची एक नक्कल बनियनला आतून पिनेनं लावायची आणि शनिवारच्या गाडीनं वहिनींना पोचवायची. मग बुधवारी फोन. निरोपातल्या प्रत्येक अक्षराला ठरलेल्या आकड्यात सरांनी किल्लीचा आकडा मिळवून बेरीज फोनवर सांगायची, तिकडं वहिनींनी तो वजा करायचा. किल्ली एकदा वापरली की दोघांनी जाळायची. एकदा कंडक्टरनं त्यांना पोटाला हात लावून मागं सारलं, तर सरांनी किल्ली बाद केली. "मापन झालं," म्हणाले. त्या बुधवारी ते फोनवर फक्त "हॅलो" म्हणाले आणि ठेवून दिला.

पुढं एका रिक्षावाल्यानं सरांचे पहिले दोन आकडे मटक्याला लावले आणि ते लागले. पुढच्या बुधवारी बूथसमोर ही गर्दी! "सर, जरा सावकाश सांगा की!" सर भलतेच खूश. मला म्हणाले, "बघितलंस? एवढी माणसं ऐकत्यात आणि एकालाबी अर्थ लागंना! याला म्हणायची सुरक्षित यंत्रणा!"

पुढं काही आकडा लागला नाही. हरलेल्यांपैकीच कुणीतरी चिडून चौकीत कळवलं की मास्तर खोटे आकडे देतो. सरांना आणि मला बोलावणं आलं.

फौजदारांनी विचारलं, "मास्तर, आकडे कोण देतंय?"

"कुणी न्हाय. निसर्गाचे हायत."

"हा निसर्ग कुठल्या पेठेत ऱ्हातोय?"

सरांनी पाऊण फळा भरेल एवढं क्वांटम तोंडी समजावलं. फौजदारांनी चहा संपवला. "ते ऱ्हाऊ द्या. परवाचा निरोप काय होता तेवढं सांगा आणि जावा घरला."

"सांगितला तर गुप्त कसला?"

"मग बसा बाकड्यावर."

सर बसले. मी मात्र घाबरून चंदगडच्या दुकानात फोन लावला. वहिनी शाळेतनं तशाच निघाल्या आणि संध्याकाळी चौकीत येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, सांगते की. गॅस संपलाय, येताना चटणी आण, असा निरोप होता."

फौजदार सरांकडं वळले. "हाच का?"

सरांनी वहिनींकडं बघितलं. बघतच राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "व्हय. हाच."

फौजदारांनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला सोडलं.

वहिनींना दुसऱ्या दिवशी शाळा होती, त्यामुळं लगेच परत जायचं होतं. स्टँडवर सर खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायला धावले. तेवढ्यात वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू? मी एकबी निरोप कधी सोडवला न्हाय. शाळेतनं आल्यावर वजाबाक्या कोण करतंय? पण साधं बोलायला लागले की हे दोन वाक्यांत फोन ठेवत्यात. आकडे हायत म्हणून इतका वेळ आवाज तरी कानावर पडतोय. ह्यांना सांगू नका हं."

गाडी गेली. आम्ही चालत निघालो. उमा टॉकीजपाशी सर थांबले.

"पाटील, गॅसबिस काय नव्हता त्यात."

मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो.

"तिनं कधीच वाचलं नसणार," ते म्हणाले.

"काय होतं, सर?"

"ते तोंडानं सांगता आलं असतं, तर आकडे कशाला लागले असते रे?"

पुढच्या बुधवारी सर येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. रांगेकडं त्यांनी बघितलंही नाही. दार लावून घेतलं आणि फोन लावला. कागद काढलाच नाही. डोळे मिटले आणि मनाला येतील ते आकडे सांगायला लागले, एकेक, अगदी सावकाश. मधेच थांबायचे, पलीकडचा श्वास ऐकल्यासारखे, आणि पुन्हा एक आकडा.

बाहेरची रांग कुरकुरायला लागली. मी उठलो आणि सगळ्यांना पलीकडच्या गल्लीतल्या बूथवर पाठवून दिलं.