खैरनार खूण विचारतात

फोन उचलला की खैरनार नमस्कार म्हणत नाहीत. "परबभाऊ, वाचा," म्हणतात.

मग मी वाचतो. "मोठा के, लहान क्यू, सात, मोठा झेड..." त्रेचाळीस अक्षरं. खैरनार सिल्वासाच्या ऑफिसात बसतात, मी गलोंड्याच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. आमचा कम्प्युटर अडला की ते तिथूनच काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून त्यात शिरतात. पण शिरण्याआधी आमच्या मशीनची खूण, म्हणजे हीच अक्षरं, त्यांच्या पडद्यावरच्या खुणेशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. एकदा जुळवली की पुरे असतं, रोज वाचायची गरज नसते, हे मला आठ वर्षांनी कळलं. तोवर घसा बसला होता.

"खैरनारसाहेब, मशीन तेच आहे. मी समोरच बसलोय."

"तुम्ही बसले असाल, भाऊ. पण मशीन तेच कशावरून? पहिले ओळख, मंग काम."

बाहेर गाड्या भरून उभ्या, चलन निघत नाही, मॅनेजर डोक्यावर, आणि मी हा लहान एल की मोठा आय यावर अडलेला. खैरनार ढिम्म.

परवा सकाळी कामासाठी सिल्वासाला गेलो. खैरनार पडद्यासमोर नुसते बसले होते. पडद्यावर इशारा होता, या मशीनची खूण बदलली आहे. म्हणजे मशीन दुसरंच असेल, नाहीतर त्याच्या आतलं काही बदललं असेल.

"कुठलं मशीन?"

"पारोळ्याचं. घरचं."

घरी वडील एकटे. ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही, मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. रोज दहाला ते कम्प्युटर लावतात, खैरनार इथून त्यात शिरतात आणि बापलेक मोठ्या अक्षरांत एकमेकांना लिहितात. आदल्या दिवशी मशीन बंदच होतं. आता लागलं, तर हे.

"तिथं खूण वाचून दाखवणार कोण, भाऊ?"

खैरनारांनी जुनी खूण पुसली, काहीही न जुळवता 'यस' टाइप केलं आणि पासवर्ड दिला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला. मग लिहिलं, 'बाबा, चहा झाला?'

बऱ्याच वेळानं एकेक अक्षर उमटू लागलं. 'डिस्क गेली होती. दुकानवाल्यानं नवी टाकली. काल तू भेटला नाही. जेवलो नाही. तू जेवला ना?'

'जेवलो,' खैरनारांनी लिहिलं.

आदल्या दिवसाचा डबा टेबलावर तसाच बांधलेला होता.