आकार कमी करून या

डिचोलीच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट मराठीत करायचं काम गौरवीकडे आलं, तेव्हाच तिने सांगितलं होतं, फॉर्म भरताना कोणी चुकला तर शेजाऱ्याला विचारायची पाळी येणार नाही. फोटोची फाइल जड झाली की इंग्रजीत दोन ओळी यायच्या. गौरवीने त्या छाटून लिहिलं, 'आकार फार मोठा आहे. कमी करून पुन्हा या.' मंडळाचे अध्यक्ष खूश झाले.

मुळगावच्या दत्तारामांनी मुलाचा, साईशचा, फॉर्म भरायला घेतला. नाव, शिक्षण, नोकरी सगळं बिनबोभाट गेलं. फोटो चढवला आणि ती ओळ उमटली. दत्तारामांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग साईशकडे. साईश अंगाने चांगलाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून साईशची चहाबरोबरची पावासारखी पोई बंद झाली. मग भजी गेली, मग रात्रीचा भात. पहाटे तो खाणीच्या रस्त्याने धावायचा, तेव्हा ट्रकवाले थांबून विचारायचे, कोण मागे लागलंय का. गणेशचतुर्थीपर्यंत पँट कमरेवर टिकेना. मग मामाच्या नव्या, भारी मोबाइलवर ताजा फोटो काढला. त्याची फाइल पहिल्यापेक्षाही जड निघाली. पुन्हा तीच ओळ.

दत्ताराम साईशला घेऊन थेट मंडळात आले आणि त्याला गौरवीच्या टेबलासमोर उभं केलं.

"बाय, आणखी किती कमी करूचो ह्येका? तुझो कम्प्युटर ऐकणाच नाय."

गौरवीला आधी काही उमगेना. दत्तारामांच्या मोबाइलवर आपलीच ओळ पाहिल्यावर तिचे कान तापले. लहान करायची ती फोटोची फाइल, असं तिने खालच्या आवाजात समजावलं.

"म्हणजे ह्याच्या अंगाचो काय संबंध नाय?"

"नाही, काका."

साईश खुर्चीत बसला आणि जवळपास कुठे जेवण मिळेल, एवढंच त्याने विचारलं.

गौरवीने फोटो स्वतः लहान करून चढवला, ती ओळही बदलली. आठवड्याभरात पेडण्याहून एका मुलीच्या घरचं उत्तर आलं. घराणं पसंत, नोकरी पसंत. मुलगा मात्र फारच सुकलेला दिसतो, काही दुखणं आहे का? अंगाने जरा भरला की पुढचं बोलू.

अध्यक्षांनी तो निरोप कळवायला गौरवीलाच बसवलं. फोनवर दत्तारामांनी सगळा निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, "बरां. आता किती वाढवूचो, तेवढां नीट लिहून धाड."