कापडाचाच दोष!

"शिस्त शिकायची तर माझ्याकडे बघा!" दुकानात येईल त्याला मास्तर ऐकवत. मास्तर म्हणजे शिंपी; वय एकाहत्तर, मधुमेह आणि रक्तदाब हे दोन मुक्कामी पाहुणे. डॉक्टरांनी सांगितलं, साखर बंद, मीठ कमी. मास्तरांनी लगेच न खायच्या पदार्थांची यादी केली. मग न्हाव्याच्या सांगण्यावरून भात गेला, इस्त्रीवाल्याच्या शब्दावर दूध गेलं, शेजारणीने डाळीवर फुली मारली. ताटात उरली काकडी आणि मास्तरांचा अभिमान!

पँट सैल झाली.

"कापड ताणलंय!" मास्तरांनी शिलाई आत घेतली. महिन्याने पुन्हा घेतली. पुन्हा घेतली! शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या कानात कुजबुजू लागले.

"अहो, कापड नाही, तुम्ही वाळताय," बायको हळूच म्हणाली.

"चाळीस वर्षं कापड ओळखतोय मी!"

आणि तीच पँट घालून मास्तर तरातरा कापडवाल्याकडे गेले. "असला माल विकतोस?"

कापडवाल्याने मुकाट्याने त्यांच्या कमरेला टेप लावली. "मास्तर, पाच इंच गेले की हो!"

"तुझी टेप खोटी!" एवढं ओरडून मास्तर ताग्यांच्या ढिगावर धाडकन आडवे!

शुद्धीवर आले ते दवाखान्यात. शेजारी बायको, पांढरीफटक. एवढं वजन घटलं म्हणजे तो मोठा आजारच, हे तिने मनाशी धरलेलं. नाव घ्यायचा मात्र धीर नव्हता. तिचा चेहरा बघून आता मास्तरांचीही बोबडी वळली. रिपोर्ट येईपर्यंत दोघं हात घट्ट धरून बसली.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचले, मग बायकोने पुढे केलेली ती यादी वाचली. "मोठा आजार वगैरे काही नाही. ही उपासमार आहे! गोळ्या पोटात आणि पोट रिकामं, म्हणून साखर घसरली. यातलं मी काय सांगितलं होतं?"

"वरच्या दोन ओळी."

"आणि खालच्या एकोणीस?"

"...लोकांच्या."

"या वयात अंगावरचं मांस असं झडलं, तर साधी ठेचही अंथरुणाला खिळवते, मास्तर! डाळ, अंडं, दूध, मापात भात, सगळं खायचं!"

बायकोने हात जोडले, डोळे पुसले आणि फसकन हसलीच!

नर्सने ताट आणलं. मास्तरांनी ते इतकं लख्ख केलं की धुवायचं कामच उरलं नाही. मग इकडे तिकडे बघत ते बायकोच्या कानाशी लागले.

"अगं, अजून थोडा भात माग ना. तुला हवाय म्हणून सांग!"