चंद्राक्का चावायला लागल्या

मुलांनो, एका समुद्रात एक जंगल होतं. त्या जंगलात झाड एकही नव्हतं. सगळं प्रवाळाचं होतं. लाल, पिवळं, जांभळं, फांद्या फुटलेलं. मधे एक लहानसं बेट होतं आणि बेटाभोवती हे जंगल पसरलेलं होतं. त्यात मासे राहत. माणसांसारखेच राहत, म्हणजे दिवसभर खात आणि उरलेल्या वेळात तब्येतीची तक्रार करत.

तक्रारीला कारणही होतं. माशांना उवा होतात. त्या कल्ल्यांत शिरतात, खवल्यांखाली बसतात आणि रक्त पितात. माशाला हात नसतात, त्यामुळे खाजवता येत नाही. हसू नका. तुम्हाला हात नसते म्हणजे कळलं असतं.

या उवा काढायचं काम चंद्राक्का करत. चंद्राक्का म्हणजे बोटाएवढी मासोळी. अंगावर एक निळा पट्टा. एका गोल प्रवाळाखाली त्यांचं ठिकाण होतं. आजारी मासा तिथे येऊन तोंड उघडून उभा राहायचा. अक्का तोंडातून आत शिरायच्या, कल्ल्यातून बाहेर यायच्या आणि वाटेतल्या सगळ्या उवा वेचून खायच्या. तेच त्यांचं जेवण. माशाला गुदगुल्या व्हायच्या, मग डुलकी लागायची. जाग आली की तो बरा झालेला असायचा आणि काही न बोलता निघून जायचा.

अक्कांकडे सर्वांत जास्त येत ते आबासाहेब. ते हेकरू जातीचे, अंगानं मोठे आणि तोंडानं त्याहून मोठे. अक्का आत असताना तोंड मिटावं, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. एवढा विश्वास होता.

एके दिवशी समोरच्या प्रवाळाखाली निरंजनराव राहायला आले. तेही बोटाएवढेच. अंगावर तस्साच निळा पट्टा. नीट पाहिलं तर त्यांच्या तोंडात दोन लांब सुळे होते. नीट कुणी पाहिलं नाही.

निरंजनरावांना उवांची किळस होती. ते मासे खात. थोडे थोडे.

त्या दिवशी अक्कांकडे गर्दी होती, म्हणून आबासाहेब निरंजनरावांकडे गेले. निरंजनरावांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि परामागचा एक लचका तोडला.

"आई गं!" आबासाहेब ओरडले. शेजारचा केंड मासा दचकून फुग्यासारखा फुगला.

"दुखलं का?" निरंजनरावांनी चघळत विचारलं.

"दुखलं म्हणजे काय!"

"छान. म्हणजे आपण मुळाशी पोचलो."

आबासाहेब विचारात पडले. "अक्कांकडे कधी दुखत नाही."

"कसं दुखणार?" निरंजनराव म्हणाले. "मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या वरवरचं करतात."

आबासाहेब जखम घेऊन घरी आले. ज्याला त्याला त्यांनी ती दाखवली. अक्कांकडून आल्यावर दाखवण्यासारखं कधी काही नसायचं. दुसऱ्या दिवशी केंड निरंजनरावांकडे गेला. मग सगळेच जाऊ लागले. ज्याला मोठी जखम, त्याचा मोठा मान.

उवा होत्या तिथेच होत्या. वाढत होत्या.

"आधी वाढतं, मग उतरतं," निरंजनराव सांगत. आणि पुन्हा चावत.

इकडे अक्कांची उपासमार सुरू झाली. कुणी आलंच नाही तर खाणार काय? त्या काडीसारख्या झाल्या. आबासाहेब दारावरून जाताना दिसले की त्या हाक मारत.

"आबासाहेब, कल्ले पांढरे पडलेत तुमचे. या ना, नुसतं बघते."

"नको अक्का. सध्या मोठे उपचार चालू आहेत."

शेवटी एके सकाळी आबासाहेब निरंजनरावांकडे निघाले आणि वाटेतच, अक्कांच्या दारात, आडवे झाले. त्यांना श्वास घेता येईना. अक्का धावत त्यांच्या तोंडात शिरल्या. कल्ल्यांत नुसती वळवळ होती. अक्का भराभर वेचायला लागल्या.

आबासाहेबांनी डोळे किलकिले केले. "अक्का, तुम्ही आहात होय? मला काहीच लागत नाहीये. सोडा मला. मी समोर जातो." आणि ते खरोखरच उठायला लागले.

समोर गेले असते तर ते परत आले नसते. अक्कांना हे स्पष्ट दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि त्या आबासाहेबांच्या ओठाला कडकडून चावल्या.

"आई गं!"

"दुखलं का?" अक्कांनी विचारलं.

"खूप दुखलं," आबासाहेब म्हणाले आणि समाधानानं आडवे झाले. "चालू द्या, चालू द्या."

दुपारपर्यंत त्यांचे कल्ले लाल झाले. ते पोहायला लागले आणि पोहत पोहत सगळ्यांना सांगून आले, "अक्का सुधारल्या बरं का! आता मुळाशी जातात."

अक्कांच्या दारात पुन्हा रांग लागली. येणाऱ्याला अक्का आधी एकदा चावत. तो ओरडला की मग आपलं नेहमीचं काम करत. सगळे बरे होऊ लागले. अक्कांचं पोटही भरू लागलं. फक्त प्रत्येक वेळी चावण्याआधी त्या मनात "माफ करा हं" म्हणत.

निरंजनरावांकडे कुणी फिरकेना. मग त्यांनाच उवा झाल्या. एके दिवशी ते मागच्या बाजूनं अक्कांकडे आले.

"अक्का, जरा बघता का?"

"या."

"एक विनंती होती. चावू नका. मला दुखलेलं सहन होत नाही."

अक्का चावल्या नाहीत. त्यांनी सावकाश एकेक ऊ वेचली. निरंजनरावांना गुदगुल्या झाल्या, डुलकी लागली. अक्कांना फार दिवसांनी आपलं काम केल्यासारखं वाटलं.

जाग आल्यावर निरंजनराव ताजेतवाने झाले. त्यांनी प्रवाळाआडून पुढची लांबलचक रांग पाहिली.

"तुमचं नाव खराब व्हायला नको," ते हळूच म्हणाले.

आणि पुढच्या बाजूनं, सगळ्या रांगेसमोरून, "मेलो, मेलो, मेलो!" असं ओरडत ते घरी गेले.

तात्पर्य : मुलांनो, आपलं काम नेहमी मन लावून करावं, सचोटीनं करावं, आणि समोरच्याला ते कळावं म्हणून आधी त्याला चावावं.