सहकारी तत्त्वावर दिल्लीदर्शन

वस्तुसंग्रहालय ही पाहण्याची नव्हे, पाहून येण्याची जागा आहे. हा फरक ज्या समाजाला कळला तो पुढे गेला. ज्याला कळला नाही तो अजून पहिल्याच दालनात, पहिल्याच मडक्यापुढे चष्मा पुसत उभा आहे.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या स्नेहवर्धिनी सहकारी गृहनिर्माण संस्थेलाही हा फरक कळायला एक अख्खी सहल वाया घालवावी लागली. मागच्या वर्षी म्हैसूरला आमची सव्वीस माणसं एकाच राजवाड्यात चार तास अडकली, कारण सगळ्यांनी सगळं पाहिलं. अ विंगने जे सिंहासन पाहिलं तेच परत ब विंगने पाहिलं. मनुष्यबळाची अशी नासाडी एरवी फक्त लग्नाच्या बोलणीत बघायला मिळते. शेवटी बस चुकली, इडल्या गार झाल्या आणि अध्यक्ष नंदकिशोरभाऊ माझ्यावर डाफरले, "सचिव, तुम्ही काय झोपा काढताय?"

मी झोपा काढत नव्हतो. मी विचार करत होतो.

यंदा दिल्ली ठरली. दिल्ली म्हणजे राजधानी, तीही एकदा नव्हे, सात-आठदा झालेली. तिथे संग्रहालयं किती असतील ते विचारू नका. तेव्हा वार्षिक सभेत मी 'सहकारी पाहणी योजना' मांडली. आपली संस्था सहकारी आहे. पाण्याची टाकी सगळ्यांत एक, लिफ्ट एक, वॉचमन एक, आणि तो झोपतो तेसुद्धा आपल्या सर्वांच्या वतीने. मग एकाच तलवारीला डोळ्यांच्या सव्वीस जोड्या कशाला? एका सभासदाने एक दालन पाहावं, फोटो काढून ग्रुपवर टाकावेत, की सगळ्यांचं सगळं पाहून झालं. ठराव एकमताने मंजूर झाला. (शांताबाई झोपल्या होत्या. झोप ही संमती धरण्याची आमच्याकडे जुनी प्रथा आहे.)

दालनांचं वाटप पार्किंगसारखंच, म्हणजे स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक संग्रहालयासाठी एक चिठ्ठी 'सामान' अशी असे. ज्याला ती निघेल त्याने फाटकाबाहेरच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसायचं. (सामानघर सगळीकडे असतं. पण परक्या माणसाने दिलेल्या बिल्ल्याच्या भरवशावर आपला चिवडा सोडणं आमच्या महिला मंडळाला मान्य नाही.)

योजनेला यश आलं, हे मी नम्रपणे नमूद करतो. दोन दिवसांत सात संग्रहालयं! प्रत्येकी सरासरी अडतीस मिनिटं. पैकी माणसं मोजण्यात अकरा, पाटीखाली ग्रुप फोटोत चौदा, स्वच्छतागृहाच्या रांगेत नऊ. राहिली चार, ती पाहण्यासाठी. पण सामानवाला सोडून पंचवीस माणसं चार-चार मिनिटं पाहणार, म्हणजे शंभर मिनिटं झाली, आणि योजनेनुसार ती प्रत्येकाच्या खात्यात जमा. एवढा वेळ तर राजे लोकांनीही आपल्या वस्तू पाहिल्या नसतील.

किरकोळ अडचणी आल्या. शांताबाईंना मूर्तींचं दालन निघालं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, प्रत्येक मूर्तीला हात जोडले, एका यक्षापुढे अंबाड्यातलं फूल ठेवलं आणि फोटो एकही पाठवला नाही. कारण विचारलं तर म्हणाल्या, "इश्श, देवाचे कसले फोटो काढायचे? मी केला ना नमस्कार तुमच्या सगळ्यांच्या नावाने!" नंदकिशोरभाऊंनी दोनशे बारा नाण्यांचे दोनशे बारा फोटो पाठवले. त्यांत त्यांचा अंगठा फार स्पष्ट आला आहे.

आता दत्ताराम घाडी यांच्या प्रकरणाकडे वळणं भाग आहे.

दत्ताराम अ विंगच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर, भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर जन्म गेला. माणूस इतका अबोल, की सभेच्या इतिवृत्तात तीस वर्षांत त्यांचं एक वाक्य नाही. सहलीलाही कधी आले नाहीत. यंदा मात्र नोटीस लागल्यावर पहिलं नाव त्यांचं. चौकशी केली तेव्हा त्यांच्या सौभाग्यवती रुक्मिणीवहिनींनी उलगडा केला. दत्तारामांचे वडील कल्याणच्या यार्डात इंजिनावर कोळसा टाकायचे. बावीस वर्षं एकच इंजिन, क्रमांक चोवीसशे एकवीस. पहाटे जायचे ते संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत काळे होऊन यायचे. यार्डात पोरांना सोडत नसत. वडील दर दिवाळीला म्हणायचे, "येकदा न्हेतंय तुका." न्यायच्या आधीच ते गेले. आणि गेल्या वर्षी कुठल्याशा कॅलेंडरवर, एका कृष्णधवल फोटोखाली दत्तारामांना तो क्रमांक दिसला: इंजिन दिल्लीच्या आगगाड्यांच्या संग्रहालयात उभं होतं.

त्या संग्रहालयाच्या दिवशी डबा फिरला. मला 'इंजिनांचं आवार' निघालं. दत्तारामांना 'सामान'.

ते माझ्याजवळ आले. चिठ्ठी दोन्ही हातांत धरली होती.

"सचिवानू, चिठी बदलूया?"

मी समजावलं की वाटपात बदल हवा असल्यास पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत अर्ज लागतो. ही सोय तर आपण पार्किंगलाही देत नाही.

"माका धा मिनटां व्हयी. जास्ती नको."

"घाडी, दहा मिनिटं म्हणजे नियमाच्या अडीचपट झाली. उद्या सगळेच मागतील."

ते चिठ्ठीची घडी घालू लागले. रुक्मिणीवहिनी कुठल्या गप्प बसायला! "अहो, तुमचं काय जातंय? तुम्हाला त्या इंजिनातलं कळतं काय?"

कळणं ही बाब योजनेत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिलं.

माझं काम मी चोख केलं. अठ्ठावीस इंजिनं नऊ मिनिटांत. (पाच मिनिटं जास्त झाली, कारण इंजिनं मोठी असतात आणि चौकटीत बसवायला मागे-मागे जावं लागतं.) मग सावलीत बसून एक कुल्फी खाल्ली. परत येतो तो फाटकाबाहेर हलकल्लोळ! बाकावर दत्ताराम नाहीत आणि त्यांच्या जागी चार माकडं. थेपले संपले होते, चिवडा रस्ताभर झाला होता, आणि एक म्हातारं माकड माझी वाटपाची फाईल मांडीवर घेऊन चिठ्ठ्या एकेक करून तपासत होतं. आमच्या लेखापरीक्षकांनीही कागद कधी इतक्या बारकाईने पाहिले नाहीत. "वाट लागली!" असं अध्यक्ष जाहीरपणे म्हणाले.

मोजणी झाली, पंचवीस. अर्ध्या तासाने सव्विसावे आले. उजव्या तळव्याला धूळ आणि वंगण. ना माफी, ना सबब. "चला," एवढंच म्हणाले, जणू उशीर आम्हालाच झाला होता.

मुलुंडला परतल्यावर विशेष सभा बोलावली. आरोप: संस्थेचं सामान वाऱ्यावर सोडणं. मी आरोपपत्र खणखणीत आवाजात वाचलं. दत्ताराम प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. उत्तर द्यायला उठल्या त्या रुक्मिणीवहिनी.

"सचिव, ते इंजिन तुम्ही पाहिलंत ना?"

"रीतसर पाहिलं."

"मग सांगा बघू, रंग कुठला होता?"

मी घसा साफ केला. कोळशाचं इंजिन. "काळा असावा," मी म्हणालो.

"असावा? अहो, तुम्ही पाहिलंत की अंदाजपत्रक काढलंत?"

हशा झाला. मी सभेला शांततेचं आवाहन केलं, ते कुणी ऐकलं नाही. मग नंदकिशोरभाऊंकडे वळून त्या म्हणाल्या, "भाऊ, ग्रुपवर सगळ्यांना सगळं दिसलंय ना? तुम्ही सांगा." भाऊंनी खिसा चाचपला. फोन भरल्यामुळे त्यांनी सहलीचे फोटो न उघडताच पुसले होते. क विंगने ग्रुप मुका करून ठेवला होता. अकराशे चाळीस फोटोंपैकी इंजिनाचा फोटो उघडलेला सभासद सभागृहात एकही निघाला नाही, हे मी इतिवृत्तात घेतलेलं नाही.

तेव्हा दत्ताराम बोलले. बसल्या जागेवरूनच.

"हिरवा आसा ता. बापूस रोज काळो होवन येय, म्हणान माका वाटायचा इंजिन काळाच असतला. हिरवागार आसा. दांडो आसा थंय पितळेचो, हात ठेवन ठेवन झिजलेलो. मी थंय हात ठेवलंय."

त्यांनी उजवा हात थोडा वर करून दाखवला आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

खरंखोटं करावं म्हणून मी माझा फोटो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. इंजिन हिरवंच होतं. आणि डाव्या कोपऱ्यात, आमच्याकडे पाठ करून, पांढऱ्या शर्टातला एक माणूस पितळी दांड्यावर हात ठेवून उभा होता. मी त्याच्यापासून वीस पावलांवर होतो. चौकटीत मधेच येतो म्हणून त्याच्यावर वैतागलोही होतो, हे मला तेव्हा आठवलं. माणूस कोण, ते पाहिलं नव्हतं.

इतिवृत्तात शांततेची नोंद करायची पद्धत नाही, म्हणून मी 'सभासदांना चहा देण्यात आला' असं लिहिलं.

मात्र नियम तो नियम. मी ठराव मांडला: दत्ताराम घाडी यांनी फोटो न काढल्यामुळे त्यांनी इंजिन पाहिल्याची नोंद होऊ शकत नाही. उर्वरित पंचवीस सभासदांनी ते पाहिलं आहे. शिक्षा म्हणून पुढच्या वर्षी जयपूरला सगळ्याच संग्रहालयांत सामान घाडींनी सांभाळावं. ठराव मंजूर झाला, पण हात हळूहळू वर गेले. माझा सर्वांत शेवटी.

"चलात माका," दत्ताराम म्हणाले. "माझा बघून झाला."

घरी आल्यावर मी ग्रुपवरचे फोटो पहिल्यापासून उघडायला बसलो. एक तलवार होती. कुणाची ते ती तलवार पाहणाऱ्यालाही आठवत नव्हतं. एक पाळणा होता. मी तो बराच वेळ पाहिला, पण फोटो हलला होता.

आपण, वाचकहो, इथपर्यंत आलात आणि मधे दोन-चार ठिकाणी आमच्या संस्थेला हसलातही, याची नोंद घेतली आहे. आता कृपया आपला फोन काढा, मागच्या सहलीचे फोटो उघडा आणि त्यातल्या कुठल्याही एका वस्तूचा रंग फोटो न पाहता सांगा. सावकाश आठवा, घाई नाही. पिशव्या बाकावर ठेवा. दत्ताराम आहेत.