भानुदास मिस्त्रींची तालीम

भानुदास मिस्त्री तालीम केल्याशिवाय एस.टी.तसुद्धा चढत नसत. अकोल्याला जायचं असलं की आदल्या दिवशी ते रिकाम्या थांब्यावर उभे राहत, पिशवी डाव्या हातात घेत, उजव्या हाताने हवेतला दांडा धरत आणि एक पाय उचलून बघत. कुणी हसलं तर म्हणत, "गाडी आल्यावर इचार करायला येळ नसतो."

मी तेव्हा भंडारदऱ्याला धरणातल्या गाळमोजणीच्या कामावर कारकून होतो. मिस्त्री मूळचे तिसगावचे. तिकडे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हा माणूस वीस वर्षं मालवाहू बोटींवर खलाशी! आता आमची शिडाची होडी त्यांच्या ताब्यात होती. तिचं इंजिन कधीच बंद पडलं होतं. वाऱ्याची मर्जी सांभाळत आम्ही पाण्याची खोली मोजत हिंडायचो.

खोली मोजायचं यंत्र होडीत होतं, पण त्याचा पितळी 'कान', हा मिस्त्रींचाच शब्द, होडीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून पाण्यात असे. तळावर आपटून परत येणारा आवाज तो ऐकायचा. एका सकाळी तो बहिरा झाला. मुंबईहून नवा आला, पण दुष्काळाने पाणी इतकं आटलं होतं की काठाला मांडीभर चिखल. होडी वर ओढणं शक्य नव्हतं. म्हणजे पाण्यातच जुना कान उपसायचा, भोकात लाकडी बूच दाबायचं, मग बूच काढून नवा कान बसवायचा.

"अर्ध्या मिनिटाचं काम," मी म्हणालो.

"बुडायला बी तेवढंच लागतं," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रॉकेलच्या डब्याला बुडाशी भोक पाडून त्यांनी तो हौदात धरला. मी बूच घेऊन उभा, आमचा नावाडी किसन बादली घेऊन. रोज कचेरी सुटल्यावर वीस-वीस वेळा. एक जादा बूच दोरीला बांधून माझ्या पायाशी ठेवलेलं असे. मधेच ते विचारत, "दुसरं बूच कुठं हाय?" मी म्हणायचं, "डाव्या पायाशी, दोरीला." पाचव्या दिवशी त्यांनी पंच्याने माझे डोळे बांधले. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी जुना कान हलेना. मिस्त्रींनी दोनदा हिसडा दिला. तिसऱ्या हिसड्याला तो निघाला आणि मनगटाएवढी पाण्याची धार माझ्या तोंडावर आली. हातातलं बूच सुटून फळ्यांखाली गेलं. मी नुसता उभा राहिलो. मिस्त्रींनी भोकावर तळवा दाबून धरला, तरी पाणी घोट्याच्या वर चढलं. मला पोहता येत नव्हतं.

"दुसरं बूच कुठं हाय?" त्यांनी विचारलं. हौदावर विचारायचे त्याच आवाजात.

"डाव्या पायाशी, दोरीला," मी म्हणालो, तोवर हात तिथं पोचलाही होता.

बूच बसलं. किसनने पाणी उपसलं. नवा कान निमूट जागेवर बसला आणि यंत्राच्या कागदावर तळाची रेघ उमटू लागली. मिस्त्रींनी तिकडे पाहिलंही नाही. पितळेच्या कडेने त्यांचा तळवा कापला होता. मी त्यावर रुमाल बांधला.

"चुकलं माझं, मिस्त्री."

"बूच सुटतंच," ते म्हणाले. "आमच्या बोटीवर एक नवा गडी आला हुता. म्या जेवत हुतो, तवा त्यानं इचारलं, बुचं कुठं असत्यात? म्हनलं, उद्या दावतो. पहाटं खालच्या खोलीत नळ फुटला. दिवे गेले. आमी वर आलो. त्यो खाली बूच हुडकत ऱ्हायला."

समजूत काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. किसन तिकडे शीड गुंडाळत होता.

मी बूच उचललं आणि म्हणालो, "हे बूच परत बांधायचं कसं, ते दाखवा ना."

ते उठले. दुखऱ्या हाताने त्यांनी सावकाश गाठ मारून दाखवली, मग सोडली. "आता तुमी."

ती गाठ मला केव्हाची पाठ होती. मी मुद्दाम सैल मारली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवायला लागले.