सिद्रामअण्णा आणि एकतीस हजार किलोमीटर

जुनी गाडी बघायला गेलं की लोक बॉनेट उघडतात. आमच्या गल्लीतले सिद्रामअण्णा चपला काढतात. ड्रायव्हरच्या सीटवर बसून अनवाणी पाऊल क्लचच्या पॅडलवर ठेवतात आणि वैद्याने नाडी धरावी तसे डोळे मिटतात. त्या वेळी विकणाऱ्याला असा घाम फुटतो की तेवढ्यात सोलापूरला रोज पाणी सोडता येईल.

अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात उभी हयात माग दुरुस्त केले. यंत्र किती चाललंय ते पायाला कळतं, हे त्यांचं शास्त्र. स्वतःची गाडी म्हणाल तर सायकल.

"मीटर कुनीबी मागं करतंय. रबर मागं करून दाखवा की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीटरवर वीस हजार आणि पॅडलचं रबर टकलासारखं गुळगुळीत असलं की संपलं. एकदा एका गाडीत बसल्याबसल्या म्हणाले, "यप्पा! लाखाच्या वर पळालीया ही. मालक वजनदार. उजवं कोपर खिडकीत ठिवून चालवायचा. शेजारची सीट बगा, कोरी. एकटाच फिरायचा बिचारा."

दलालाने तिथल्या तिथे अण्णांचे पाय धरले. म्हणजे मी त्या वेळी पाणी प्यायला गेलो होतो, पण धरले असणारच.

अशा माणसाला सोबत न घेता गाडी कोण घेईल? आम्ही चौघं एका स्कूटरवर फिरत होतो. धाकट्याला मध्ये बसवून बसवून तो चपटा व्हायला लागला होता. मग दर रविवारी अण्णा आणि मी गाड्या बघायला निघू लागलो. अण्णा सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. मी नऊला उठणारा.

एक गाडी झाली, पाच झाल्या, अकरा झाल्या. चिंचोळीपासून अकलूजपर्यंत एकही गाडी अण्णांच्या पायाला पास होईना. गाडी नापास झाली की दोघांनी चहा घ्यायचा, मग भजी, मग "आलोच हाय तर" म्हणून आणखी कुठेतरी. घरी यायला दिवेलागण.

"गाडी बघताय का मुलगी?" बायको म्हणाली. "एवढ्यात लग्न होऊन बारसं झालं असतं."

बाराव्या खेपेला होटगी रोडला एका निवृत्त शिक्षकांची गाडी पाहिली. मीटर एकतीस हजार. या वेळी अण्णांनी डोळे फार वेळ मिटून ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागं केलाय. सोडा."

ती गाडी आमच्या ऑफिसातल्या कदमांनी घेतली. महिन्याभरात पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आले. सर्व्हिसिंगची सगळी बिलं जुळली होती. एकतीस हजार म्हणजे एकतीस हजार. पेढा माझ्या घशात अडकला तो संध्याकाळपर्यंत.

ऑफिस सुटल्यावर तडक अण्णांच्या घरी गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या घरी जात होतो. दर वेळी तेच यायचे. अण्णा एकटेच बसले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. टीव्ही मोठ्याने चालू होता, पण खुर्चीची पाठ टीव्हीकडे आणि तोंड दाराकडे.

"अण्णा, ती गाडी खरी होती!"

"व्हय," अण्णा म्हणाले. "रबर पायाला टोचत होतं. एकतीसच."

"मग सोडा का म्हणालात?"

त्यांनी टीव्ही बंद केला. खोली एकदम एवढी शांत झाली की मलाच तो परत लावावासा वाटला.

"घेतली असती तर तुमचं काम झालं असतं की, सुरेशराव."

वाटेत भांडणाची चांगली दोन पानं पाठ केली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. जे आठवलं ते भलतंच.

"आमच्या ऑफिसातल्या देसाईंनाही गाडी घ्यायचीय, अण्णा. आमची झाली की त्यांची बघू. माणूस फार चिकित्सक, वर्षभर तरी चालेल."

अण्णा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ त्यांनी कुठल्याच गाडीला दिला नव्हता.

"तुमच्या ऑफिसात देसाई हाईत?"

"आहेत की!"

"न्हाईत," अण्णा म्हणाले. मग हळूच विचारलं, "रविवारी किती वाजता निघायचं?"